इन्व्हरनेसचे व्हिक्टोरियन मार्केट : दर्शनी भाग दगडी, आत लोखंडी कमानी

प्रश्न
स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस येथे रेल्वे स्थानकाजवळ, ॲकॅडमी स्ट्रीटवर, व्हिक्टोरियन मार्केटचे भारदस्त दगडी प्रवेशद्वार आहे. मात्र आत शिरताच लोखंडी कमानींवर तोललेले लाकूड आणि काचेचे हलके छत दिसते. हे दोन्ही भाग एकाच काळातील आहेत का?

प्रतिसाद १
नाहीत. मूळ बाजार १८७० सालचा. १८८९ च्या आगीत तो भस्मसात झाला आणि ॲकॅडमी स्ट्रीटकडील वालुकाश्माचे प्रवेशद्वार तेवढे बचावले. आतील बांधकाम १८९०-९१ मधील आहे. त्या आगीत एका गाळ्याची राखण करणारा कुत्रा जागचा हलला नाही आणि तोच एकटा दगावला, असे तेथे आजही सांगतात.

प्रश्नकर्ता
म्हणजे पुन्हा आग लागू नये म्हणून लोखंड वापरले का?

प्रतिसाद २
तसे वाटत नाही, कारण छतात लाकूड आहेच. शिवाय बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेले, लोखंड पेटत नसले तरी तापलेल्या अवस्थेत त्यावर थंड पाणी पडले की ते तडकते. माझ्या मते खरे कारण उजेडाचे आहे. हा बाजार ॲकॅडमी स्ट्रीट, युनियन स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि क्वीन्सगेट यांच्यामधल्या इमारतींच्या पोटात दडलेला असल्यामुळे बाजूच्या भिंतींतून प्रकाश घेण्याची सोय जवळजवळ नाही. जो काही उजेड यायचा तो वरूनच, आणि तो अडू नये यासाठी आधार शक्य तितके सडपातळ हवेत. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. कमानीत भार मुख्यतः दाबाच्या रूपानेच खाली उतरतो, म्हणून तिथे ते शोभते आणि टिकतेही.

प्रतिसाद ३
उजेडाचा मुद्दा पटला. इथल्या मूळ बाजाराच्याच सुमारास, १८६९ मध्ये, पूर्ण झालेले मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट याच्या अगदी उलट आहे. वास्तुविशारद विल्यम इमर्सन यांना रस्त्याच्या कोपऱ्यावरची मोकळी जागा मिळाल्याने त्यांनी कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबडा दगड वापरून घड्याळाचा मनोरा थेट चौकात उभा केला. आतील जमिनीवर मात्र केथनेसच्या फरश्या आहेत, आणि केथनेस हा प्रांत इन्व्हरनेसच्याही उत्तरेला, स्कॉटलंडच्या टोकाशी आहे.