अडत दुकानाचं वेब ॲप: टेबलं की ऑब्जेक्ट?

कृष्णाकाठ
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी पायथनमध्ये वेब ॲप लिहितोय. सौदा म्हणजे माझ्या कोडमध्ये एक ऑब्जेक्ट: शेतकरी, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं आत. ते सहा-सात टेबलांत फोडायचं आणि पट्टी (शेतकऱ्याचं हिशोबाचं बिल) छापताना पुन्हा जोडत बसायचं, कशासाठी? झेडओडीबी या पायथनच्या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ऑब्जेक्ट आहे तसा राहतो, ट्रान्झॅक्शनही मिळतं, म्हणजे बदल एक तर पुरा नोंदला जातो, नाहीतर अजिबात नाही. माझं मत ऑब्जेक्ट डेटाबेसला. कुणाला पटत नसेल तर कारण द्या. 'सगळे पोस्टग्रेस (टेबलांचा डेटाबेस) वापरतात' हे कारण धरणार नाही.

विश्रामबागवाला
घ्या कारण. सौदा अख्खा लागतो तो पट्टीपुरता. शेठ विचारणार, अमुक खरेदीदाराकडं येणं किती, त्यातलं महिन्यावरचं किती, कुठल्या गावची हळद जास्त आली. प्रत्येक प्रश्न वेगळ्या बाजूनं येतो. माहिती आत कशी रचलीय यावर प्रोग्रॅम अवलंबून नसावा, हा टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांच्या 1970 च्या निबंधाचा गाभाच आहे. तुमच्याकडं शेतकऱ्यावरून सौद्याकडं वाट आहे. खरेदीदाराकडून यायचं तर नवी वाट तुम्हीच बांधायची.

कृष्णाकाठ
बांधू की. झेडओडीबीसाठी बीट्री (किल्लीवरून नोंद पटकन सापडेल अशी रचना) तयार मिळतात, इंडेक्स करायला कितीसा वेळ? उलट तुमचा ओआरएम, म्हणजे टेबलांतल्या ओळींचे ऑब्जेक्ट करून देणारा थर, बघा: शंभर सौद्यांची यादी एका क्वेरीत आणतो आणि मग एकेका शेतकऱ्यासाठी आणखी शंभर मारतो.

विश्रामबागवाला
जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये 'सिलेक्ट रिलेटेड' लिहिलं की एका जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं जोडून एकाच क्वेरीत, येतं. न वाचता ओआरएम वापरायचा आणि खापर टेबलांवर फोडायचं, हे काय बरोबर नाही राव.

तासगावकडचा
मी झेडओडीबीवर काम केलंय, त्यामुळं थोडं दोघांच्याही विरोधात. प्लोन (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याच्यावरच चालतं आणि चांगलं चालतं, कारण तिथं फोल्डरात फोल्डर असा झाडासारखा मजकूर असतो. एसक्यूएलमध्ये (टेबलांना प्रश्न विचारायची भाषा) तसलं झाड ठेवणं कटकटीचं. पण अडतीचा हिशोब झाड नाही.
शिवाय ऑब्जेक्ट पिकल होऊन, म्हणजे बाइट्सच्या रूपात, बसतात आणि त्यात क्लासचं (ऑब्जेक्टच्या साच्याचं) नाव, मॉड्यूलचा (कोडच्या फाइलीचा) पत्ता अडकलेला असतो. क्लास दुसऱ्या फाइलीत हलवला आणि जुन्या पत्त्याची सोय केली नाही, की जुने सौदे उघडत नाहीत. दुसरं, सौद्याच्या गर्दीत दोन दिवाणजींनी एकाच ऑब्जेक्टमध्ये पोती चढवली तर दुसऱ्याला कॉन्फ्लिक्ट एरर येतो, ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावं लागतं. पोती बीट्रीत वेगळ्या किल्ल्यांखाली ठेवलीत तर बऱ्याचदा निभतं, साध्या लिस्टमध्ये नाही.

मिरजेचा_तंबोरा
मधला मार्ग? पोस्टग्रेसमध्ये 9.4 पासून, म्हणजे 2014 पासून, जेसनबी आहे, एकाच कॉलममध्ये हवी तशी मोकळी माहिती ठेवता येते. हिशोब टेबलांत, मालाची प्रत-ओलावा वगैरे जेसनबीत.

विश्रामबागवाला
चालेल, पण दर आणि वजन त्यात घुसवू नका. एकदा सवय लागली की सगळंच त्यात जातं आणि कॉलमवरची तपासणी गेली उडत.

कृष्णाकाठ
जेसनबीचं बघतो. झेडओडीबी मात्र अजून सोडलेला नाही. दुकान एक, दिवाणजी दोन, पोती बीट्रीत ठेवली की भागतंय.

तासगावकडचा
आणि सीएनं वर्षाचा डेटा मागितला की? त्याच्या ऑफिसातल्या पोराला एसक्यूएल येतं, तुमचे क्लास येत नाहीत.

कृष्णाकाठ
सीएसाठी एक्सेल काढून देणारं बटण ठेवू.

तासगावकडचा
ठेवा. दर मार्चला त्यात एक नवा कॉलम मागतील, तेव्हा परत बोलू.