टेनिस : चेंडूपर्यंत पोचतो, पण उशिरा. पायांचं काय करू?

नाशिकची_बेसलाइन
मंडळी, नमस्कार. वय ४३. तीन वर्षं रोज सकाळी सहाला हार्ड कोर्टवर एकेरी खेळतोय. फोरहँड बरा बसलाय, अडचण पायांची आहे. माझ्याबरोबर खेळणारे काका साठी ओलांडलेले. ते माझ्या निम्मंसुद्धा पळत नाहीत आणि तरी जिंकतात. लांबच्या चेंडूला मी पोचतो, पण तोवर तोल मागच्या पायावर गेलेला असतो, म्हणून हात ताणून चेंडू कसाबसा परत ढकलतो. पुढचा दुसऱ्या कोपऱ्यात आला की पॉइंट गेला. दोन महिने रोज तीन किलोमीटर पळालो. दम वाढला, उशीर तेवढाच. चुकतंय कुठे?

खांबापासून_खांबापर्यंत
दादा, तुमचा उशीर पळायला लागण्याआधीच झालेला असतो, म्हणून पळून तो कमी होत नाहीये. मी शाळेत खो-खो खेळले, टेनिस तिशीनंतर धरलं. खो-खोत बचाव करणारी कधी टाचांवर उभी राहते का? टेनिसमध्ये तेच काम स्प्लिट स्टेप करते. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे यायला लागली की तुमची इंचभर उडी, आणि त्याचा फटका बसतो न बसतो तोच तुम्ही चवड्यांवर खाली. पाय खांद्यांपेक्षा जरा फाकलेले, गुडघे सैल. उंच उडालात तर हवेत अडकाल, लवकर उडालात तर टाचा टेकून पुन्हा खांबासारखे उभे. उजवीकडे जायचं असेल तर डाव्या पायाने जमीन रेटायची, उजवा पाय त्या दिशेला वळवूनच टेकवायचा.

२०१८ साली बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल बघायला गेले होते. केविन अँडरसन सहा फूट आठ इंच, आदल्या वर्षीच्या यूएस ओपनचा उपविजेता. जिल सिमोनने त्याला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. दुसऱ्या सेटला मी चेंडू सोडून फक्त सिमोनचे पाय बघत बसले. अँडरसनच्या फटक्यागणिक ती छोटी उडी. घरी येताना डोक्यात तेवढंच होतं.

आठवडाभर एवढंच करा : काका मारतील त्या क्षणी मोठ्याने 'हां' म्हणायचं आणि तेव्हाच पाय टेकतायत का बघायचं. पॉइंट गेले तर जाऊ देत.

लाल_माती
ताईंशी सहमत. फक्त, काका कमी का पळतात ते सांगतो. तुम्ही बहुधा प्रत्येक फटक्यानंतर मधल्या खुणेकडे धावत असणार. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत साडेतेरा फूट. दर वेळी तेवढं परतायची गरज नसते. उजव्या कोपऱ्यातून क्रॉस कोर्ट, म्हणजे तिरका पलीकडच्या कोपऱ्यात, मारलात तर खुणेच्या अलीकडे, उजवीकडेच पाऊल-दीड पाऊल थांबा, कारण समोरच्याला तिरका कोन मिळतो तो तुमच्या उजव्या हाताला. तोच फटका डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ, मारलात तर मात्र खूण ओलांडून डावीकडे जावं लागतं. काका सारखं क्रॉस कोर्ट खेळत असतील, लक्ष देऊन बघा.

आणि बूट कोणते वापरता?

नाशिकची_बेसलाइन
पळायचेच बूट.

लाल_माती
आधी ते बदला. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला जोरात थांबलात की घोटा मुरगळतो. टेनिसचे घ्या, कडेने घट्ट असलेले.

नाशिकची_बेसलाइन
तीन आठवड्यांनी लिहितोय. बूट घेतले. 'हां' म्हणणं पहिले चार दिवस फटक्यानंतरच यायचं, आता दहातले सहा-सात वेळेवर येतात. काका खरंच क्रॉस कोर्टच मारतात, मी मोजलं. काल ६-४ हरलो, आधी ६-१ व्हायचं. फोरहँडला आता तोल पुढे राहतो. बॅकहँडला मात्र शेवटचं पाऊल अजून मोठं पडतं आणि चेंडू अंगात येतो. ताई, त्यावर काय करता?

खांबापासून_खांबापर्यंत
चेंडूच्या दोन हात अलीकडे मोठी पावलं बंद. तिथून तीन-चार बारीक पावलं, चवड्यांवर, बुटांचा आवाज ऐकू आला पाहिजे. उद्या कुणाला तरी हातानेच चेंडू टाकायला सांगा, वीस-वीसचे तीन फेरे फक्त बॅकहँडला. मग लिहा.