८ मार्चला गुलाब आणि भाषणाऐवजी काय करता येईल?

नवा_आयोजक

ऑफिसातल्या महिला दिनाची जबाबदारी यंदा माझ्यावर आली आहे. आम्ही साधारण दीडशे जण, त्यात बायका एक तृतीयांशाहून थोड्या कमी. कार्यक्रम दरवर्षी ठरलेला: गुलाब, पाहुण्यांचं भाषण, फोटो. गेल्या वर्षी त्याची सगळी धावपळ बायकांनीच केली आणि मग राहिलेलं काम संपवायला त्याच उशिरापर्यंत थांबल्या. ते बघून बरं वाटलं नाही. थोडं बजेट आहे, वरिष्ठही ऐकून घेणारे आहेत. खरोखर उपयोग होईल असं काय करता येईल?

पगारपत्रकवाली

त्या उशिरापर्यंत थांबल्या हे तुमच्या लक्षात आलं, म्हणून सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी पगारपत्रकं तयार करण्यात गेली. कोण काय बोलतं ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही, कोणाला किती मिळतं ते मात्र दर महिन्याला डोळ्यांसमोर असायचं. माझं म्हणणं एवढंच की यंदा पगारांची तुलना करा.

बाईला मुद्दाम कमी द्यायचं असं कोणी ठरवलेलं मी फारसं पाहिलं नाही. फरक पडतो तो रोजच्या साध्या नियमांतून. रुजू होताना आधीचा पगार विचारतात आणि त्यावर अमुक टक्के वाढवून देतात. आधीच्या ठिकाणी जिला कमी मिळत होतं, ती इथेही कमीवरच सुरुवात करते. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांतच, म्हणजे दोघांना सारखीच टक्केवारी दिली तरी रकमेतलं अंतर दरवर्षी रुंदावत जातं. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच मनाई केली आहे, ती याचसाठी. तुमच्या ऑफिसला हा प्रश्न अर्जातून काढायला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे बाळंतपणाच्या रजेचं वर्ष. रजा नियमाप्रमाणे मिळते, पण वार्षिक उद्दिष्ट मात्र पूर्ण बारा महिन्यांचं धरलेलं असतं. मग शेरा ‘समाधानकारक’, वाढ सगळ्यांत कमी. पुढची वाढ त्या कमी आकड्यावर, बोनस त्यावर, निवृत्तीची रक्कमही त्यावरच. उत्तम काम करणाऱ्या कितीतरी जणींच्या रकान्यात असं एखादं वर्ष मी पाहिलं आहे आणि त्याचं वजन त्या शेवटपर्यंत वाहत राहिल्या. रजेचा काळ वगळून मूल्यमापन करायचं, एवढा एक नियम तुम्ही लिहून घेतलात तरी माझ्या मते गुलाबांच्या दहा वर्षांपेक्षा मोठं काम होईल.

तुलना करताना एकाच हुद्द्यावरच्या दोघांवर थांबू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा १०० क्रमांकाचा करार समान मूल्याच्या कामाबद्दल बोलतो. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा विभाग बहुतेक बायकांचा, गोदाम सांभाळणारा बहुतेक पुरुषांचा. कौशल्य, जबाबदारी, ताण सारखाच, तरी श्रेणी वेगवेगळ्या असं सर्रास दिसतं. आइसलंडने २०१८ पासून सरासरी २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांवर टाकलेली जबाबदारी याच्याशीच जोडलेली आहे: आपल्याकडे समान मूल्याच्या कामाला समान वेतन मिळतं हे संस्थेने दाखवून द्यायचं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना स्त्री-पुरुष वेतनातली तफावत जाहीर करावी लागते.

यादी नावं काढून करा. हुद्दा, अनुभव, रुजू होतानाचा पगार, आजचा पगार, गेल्या काही वाढी, बोनस. सरासरीबरोबर मध्यक (पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) काढाच, कारण एकदोन मोठे पगार सरासरी ओढून नेतात. एखाद्या श्रेणीत दोन-तीनच माणसं असतील तर ती यादी फिरवू नका, नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. आणि तफावत निघाली तर ती भरून काढायला किती पैसे लागतील हे वरिष्ठांना आधीच विचारून ठेवा. ती तयारी नसेल तर लोकांच्या हाती नुसता आकडा पडेल आणि त्याचा त्रासच होईल.

प्रयोगवही

वरच्या ताईंशी सहमत. श्रेयाबद्दल थोडं लिहितो. लीझे माइटनर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी ओटो फ्रिश यांच्यासोबत अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्रक फुटण्याचा, उलगडा केला, १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या ओटो हान यांना मिळालं. जोसेलिन बेल बर्नेल यांनी १९६७ मध्ये विद्यार्थिनी असताना पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत टिपला. १९७४ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचं श्रेय त्यांच्या मार्गदर्शकांना गेलं. २०१८ मध्ये मिळालेलं ३० लाख डॉलरचं पारितोषिक त्यांनी सगळंच्या सगळं भौतिकशास्त्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिलं. तुमच्या ऑफिसातले गेल्या वर्षीचे अहवाल काढून बघा, काम कोणी केलं आणि पहिलं नाव कोणाचं आहे. बैठकीची टिपणं आणि निरोप समारंभाची व्यवस्था पाळीपाळीने सगळ्यांकडे द्या, पुरुषांकडेही.

दोन_मुलींचा_बाबा

बापाच्या रजेचं बघा. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आई-वडील दोघांना खुली केली, पण वडील ती फारशी घेत नव्हते. १९९५ मध्ये एक महिना बापासाठीच राखून ठेवला, म्हणजे त्याने घेतला नाही तर तो वाया जाणार, तेव्हा चित्र बदलायला लागलं. तुमच्याकडे अशी रजा असेल तर ती आधी एखाद्या वरिष्ठ पुरुषाने पूर्ण घेऊ द्या. साहेब घेत नाहीत तोवर खालचे घेत नाहीत.

नवा_आयोजक

सगळ्यांचे मनापासून आभार. पगाराची यादी करायला मनुष्यबळ विभाग तयार आहे, आज विचारून आलो. पगारपत्रकवाली ताई, या यादीत आणखी काही सुटतंय का?

पगारपत्रकवाली

हो, आणि ते नेहमीच सुटतं. सफाई करणाऱ्या बायका. ती कंत्राटदाराची माणसं, त्यामुळे त्यांचा पगार माझ्या पत्रकात कधी आलाच नाही. महिन्याच्या खर्चात कंत्राटदाराच्या बिलाची एक ओळ असायची. महिला दिनाच्या कार्यक्रमालाही त्यांना कोणी बोलवत नाही, त्या बाहेर थांबतात आणि नंतर खुर्च्या उचलतात. कंत्राटदाराकडून त्यांच्या पगाराच्या पावत्या मागवा. भरपगारी सुट्टी आणि बाळंतपणाची रजा मिळते का ते त्यांनाच विचारा, मुकादम समोर नसताना. कंत्राटाचं नूतनीकरण कधी आहे ते बघून ठेवा, अटी बदलून घ्यायच्या त्या तेव्हाच घालता येतात. तुमचं जे थोडं बजेट आहे, त्यातून त्यांना बसायला आणि कपडे बदलायला दार लागणारी एक खोली नीट करून द्या.