चीफ कॉन्स्टेबल : ‘मुख्य हवालदार’ की ‘पोलीस महासंचालक’?

टेम्सकाठी
इंग्लंडमध्ये मुलांकडे राहायला आलेल्या ज्येष्ठ मंडळींसाठी टेम्स व्हॅली पोलीस दलाची ओळख करून देणारे माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि एका वाक्यावर अडलो आहे. ‘चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक पोलीस अँड क्राइम कमिशनर करतात’ असा त्या वाक्याचा आशय आहे. त्याचे ‘पोलीस आयुक्त मुख्य हवालदाराची नेमणूक करतात’ असे भाषांतर केले, तर पुण्याहून आलेल्या वाचकाला ही आयुक्तालयातील किरकोळ बढतीची बातमी वाटेल. वस्तुतः चीफ कॉन्स्टेबल हे बर्कशायर, बकिंगहॅमशायर आणि ऑक्सफर्डशायर या तिन्ही परगण्यांच्या दलाचे सर्वोच्च अधिकारी आहेत. कमिशनर मात्र गणवेशातले अधिकारीच नव्हेत; ते मतदानाने निवडून येतात. आमच्या मंडळातील एक काका ‘मुख्य हवालदार’ या शब्दावर ठाम आहेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

वऱ्हाडकर
यात अडण्यासारखे काही नाही. दलाचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे पोलीस महासंचालक; आपला वाचक हा शब्द रोज वर्तमानपत्रात वाचतो.

जुना कायदेवाला
वऱ्हाडकर, हा शब्द घेतला तर वाचकाची पुरती दिशाभूल होईल. महासंचालक संपूर्ण राज्याचे असतात आणि गृहखात्याच्या अधीन काम करतात. इंग्लंड आणि वेल्स मिळून प्रादेशिक दलेच ४३ आहेत आणि त्या सर्वांवर हुकूम चालवणारा एकही पोलीस अधिकारी नाही. टेम्स व्हॅलीचे दल १९६८ साली पाच जुनी दले एकत्र करून झाले : तीन परगण्यांची तीन, शिवाय ऑक्सफर्ड शहर आणि रेडिंग यांची स्वतंत्र दले. १९६४च्या पोलीस कायद्याने दलाचे संचालन आणि नियंत्रण चीफ कॉन्स्टेबलच्या हाती दिले. कोणाला अटक करावी किंवा कोणता तपास थांबवावा, हे त्यांना गृहमंत्रीही सांगू शकत नाहीत आणि कमिशनरही सांगू शकत नाहीत. ‘महासंचालक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंत्रालय उभे राहते, आणि नेमके तेच तिथे नाही.

शब्दसंग्राहक
‘कॉन्स्टेबल’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘तबेल्याचा अधिकारी’ हा त्याचा आरंभीचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात तो राजदरबारातला मोठा मानकरी होता. आपल्या ‘हवालदारा’चा प्रवासही तसाच झाला आहे. शिवकाळात हवालदार हा किल्ल्याचा प्रमुख अधिकारी असे आणि किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात असत. आज हा शब्द खालच्या पायरीवर आला, म्हणून मंडळातील काकांना चूक ठरवण्याची घाई करू नये.

जुना कायदेवाला
व्युत्पत्ती मान्य, पण आजच्या वाचकाला शिवकाळातला हवालदार आठवणार नाही. मुद्दा आणखी खोल आहे. इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबल ही सर्वांत खालची श्रेणी आहे आणि त्याच वेळी ते राजसत्तेकडून मिळालेले पदही आहे. काल भरती झालेला तरुण आणि चीफ कॉन्स्टेबल हे दोघेही कायद्याने कॉन्स्टेबलच असतात, आणि अटकेचा मूळ अधिकार त्या पदातून येतो, वरिष्ठाच्या परवानगीतून नव्हे. १९३०च्या ओल्डहॅम खटल्यात बेकायदा अटकेची भरपाई नगरपालिकेकडे मागितली गेली, तेव्हा कॉन्स्टेबल हा पालिकेचा नोकर नाही असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा अर्थ ‘शिपाई’ या शब्दात मावत नाही आणि ‘हवालदार’ या शब्दातही मावत नाही. म्हणून ‘चीफ कॉन्स्टेबल’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे दलाचे प्रमुख’ असे जोडावे.

मायमराठी
अडचण आली की देवनागरीत इंग्रजी लिहायचे, ही सवय मला मनापासून खटकते. ‘महापौर’ हा शब्द घडवला गेला तेव्हा तोही कानाला नवाच होता. ‘दलप्रमुख’ आणि ‘उपदलप्रमुख’ हे शब्द सोपे आहेत आणि ज्येष्ठांना सहज कळतील. ‘आयुक्त’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. संस्कृतात ‘आयुक्त’ म्हणजे नेमलेला, कामावर योजलेला. जो माणूस मते मागून निवडून येतो, त्याला नेमलेला कसे म्हणावे? ‘पोलीस लोकप्रतिनिधी’ म्हणावे.

टेम्सकाठी
मायमराठी, ‘लोकप्रतिनिधी’ म्हटले की आमदार-खासदार डोळ्यांपुढे येतात. हे पद २०१२च्या नोव्हेंबरात पहिली निवडणूक होऊन सुरू झाले. त्यापूर्वी ते काम पोलीस प्राधिकरण नावाची समिती करत असे. कमिशनर दलाचे अंदाजपत्रक ठरवतात, स्थानिक करातला पोलिसांचा वाटा ठरवतात, गुन्हे रोखण्याचा आराखडा प्रसिद्ध करतात आणि चीफ कॉन्स्टेबलला नेमतात किंवा दूर करतात. रोजच्या कारवाईत त्यांचा हात नसतो. शिवाय लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचे प्रमुख हेही कमिशनरच, आणि ते मात्र गणवेशातले पोलीस अधिकारी आहेत. दोघांना एकच मराठी शब्द वापरला, तर लंडनहून रेडिंगला आलेला वाचक हमखास गोंधळेल.

सांगलीची
माझी शंका वेगळी आहे. माहितीपत्रकात ‘कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर’साठी ‘पोलीस मित्र’ लिहिले आहे का? आमच्याकडे पोलीस मित्र हा बिनपगारी स्वयंसेवक असतो. तिथले हे लोक २००२च्या कायद्याने आलेले पगारी कर्मचारी आहेत, पण त्यांना पोलिसांसारखा अटकेचा अधिकार नाही. उलट ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ हे स्वयंसेवक असूनही त्यांना पूर्ण अधिकार असतात. बर्कशायरमधल्या स्लाउ (Slough) गावच्या मुक्कामात माझ्या सासूबाई या दोघांपैकी एकाशी बोलत होत्या. गणवेशातला नेमका फरक त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. चीफ कॉन्स्टेबल सामान्य माणसाला कधी भेटत नाहीत. रस्त्यावर भेटतो त्या माणसाचे नाव आधी ठरवा.

वऱ्हाडकर
सांगलीच्या ताईंचे म्हणणे पटते. मग सार्जंटला काय म्हणणार? बाहीवर किंवा खांद्यावर तीन फिती, म्हणजे आपला हवालदारच.

जुना कायदेवाला
फिती सारख्या दिसल्या तरी अधिकार सारखे नाहीत. १९८४च्या कायद्यानुसार कोठडीची जबाबदारी किमान सार्जंट दर्जाच्या अधिकाऱ्यावर असते आणि तो तपासात सहभागी नसावा लागतो. आणलेल्या माणसाला ठेवायचे की सोडायचे, हे तो ठरवतो. सहा तासांच्या आत इन्स्पेक्टर त्या कोठडीची फेरतपासणी करतो. सामान्यतः २४ तासांची मर्यादा असते. गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंट ती ३६ तासांपर्यंत वाढवू शकतो आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. आपल्या हवालदाराकडे असा स्वतंत्र निर्णय नसतो.

शब्दसंग्राहक
उलट इथेच ‘हवालदार’ शब्द चपखल बसतो. ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक, ताबा. ताब्यात आलेल्या माणसाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो हवालदार.

वऱ्हाडकर
आमच्याकडे ठाण्याचा प्रमुख म्हणजे ठाणेदार, आणि पश्चिम महाराष्ट्रात मी हा शब्द बोलताना क्वचितच ऐकला. कोठडी सांभाळणाऱ्या सार्जंटला ‘ठाणेदार’ म्हणावे का?

मायमराठी
मुळीच नाही. ठाणेदार हा निरीक्षक असतो, सार्जंट नव्हे. आणि ‘सार्जंट’ असे लिहायचे की ‘सार्जंट्’, हेही कोणीतरी एकदा ठरवावे.