आजीच्या वहीत लिहिलंय, ‘लोणी मावेल तेवढं’

पानगळ:
आजीची स्वयंपाकाची वही मामानं मला दिली. वही कसली, जमाखर्चाचं जुनं रजिस्टर आहे. मागून उलटं धरून त्यात पाककृती लिहिल्यात. घरात सगळ्यांना हवी असतात ती तिची बिस्किटं, आणि नेमकं त्याच पानावर सगळ्यात कमी मजकूर: ‘मैदा 2 वाट्या, साखर पाऊण, लोणी मावेल तेवढं. हात फार लावू नये. कागद तपकिरी झाला की ठेवावीत, काळा झाल्यास थांबावे.’ संपलं. वेळ नाही, तापमान नाही.

मी दोन वाट्या मैद्याला एक वाटी लोणी घेतलं आणि ओव्हन 180 वर ठेवला. चव बरी आली, पण बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली. आजीची जाड असायची, कडा उभ्या, आणि दाताखाली भुगा व्हायची. मोठी मावशी अजूनही डिट्टो तशीच करते. तिला विचारलं की ‘अगं, हाताला कळतं’. फोनवरून मला तिचा हात कसा दिसणार? तर दोन प्रश्न: हे कागदाचं काय प्रकरण आहे, आणि मावशीला वैताग न देता तिच्याकडून माप कसं काढून घ्यायचं?

मंद आच:
कागदाचं सांगते. ओव्हनला तापमानाची कळ नव्हती तेव्हा पांढरा कागद नाहीतर चिमूटभर पीठ आत ठेवायचे आणि किती वेळात रंग बदलतो ते बघायचे. काळा पडला तर आत फार तापलंय, दार उघडून जरा निवू द्यायचं. तापमान आपोआप राखणारे घरगुती ओव्हन 1920च्या दशकात रुळायला लागले, पण म्हणून कुणी चालता ओव्हन टाकून दिला नाही. तुमच्या आजीनं तापमान लिहिलंय की, फक्त कागदाच्या भाषेत. तुमचं 180 साधारण तिथंच येतं. मात्र कळीवर भरवसा ठेवू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. कळ एक सांगते, आतलं तापमान दुसरंच असतं.

फडताळ:
पानगळ, आधी वाटीचा नाद सोडा आणि वजनकाटा आणा. 240 मिलीच्या मापात मैदा चाळून हलका भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास बसतो, डब्यात बुडवून दाबून भरला तर 150च्या वर जातो. सपाट वाटी, सपाट चमचा ही शिस्त अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या 1896च्या पुस्तकानं लोकांच्या अंगवळणी पाडली. त्याआधीच्या तिकडच्या पाककृतींत ‘अक्रोडाएवढं लोणी’ असं सर्रास लिहिलेलं असे आणि लोक त्यावर व्यवस्थित जेवत होते.

आता तुमचं पान. जाड, भुसभुशीत बिस्किटांचं जुनं प्रमाण वजनानं 3 भाग मैदा, 2 भाग लोणी, 1 भाग साखर. तुमचा मैदा 250 ग्रॅम धरू. म्हणजे लोणी हवं 165 ग्रॅमच्या जवळपास. तुम्ही घातलंत वाटीभर, ते झालं सव्वादोनशेच्या वर. पसरणार नाही तर काय! आणि साखर बघा. पाऊण वाटी दाणेदार साखर 150 ग्रॅम होते, प्रमाणापेक्षा बरीच जास्त. तीच पिठीसाखर असेल तर 90 ग्रॅम. मैद्याच्या तिसऱ्या हिश्श्याला जवळजवळ चिकटलीच. दाणेदार साखर ओव्हनमध्ये विरघळते आणि बिस्किटाला पसरायला मदत करते. आजी पिठीसाखर वापरत असणार, मी पैज लावते.

‘मावेल तेवढं’ याला खूण आहे. मैद्यात लोणी चोळून मूठभर मिश्रण दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर तुटला पाहिजे. न तुटता नुसता खड्डा पडला, वर चमक आली, की मैद्याला मावेना झालं. हात फार लावू नये ते याचसाठी: लोणी तिशी ओलांडली की वितळायला लागतं आणि आपला तळवा तेवढा गरम असतोच. कापलेली बिस्किटं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग भाजा.

मावशीला माप विचारू नका. ती खोटं सांगणार नाही, पण सांगेल ते बरोबर असेल असंही नाही. मी आत्याकडून असं घेतलं: मैद्याचा डबा, साखरेचा डबा, लोण्याचं भांडं, सगळ्यांचं वजन आधी करून आकडा चिकटपट्टीवर लिहून बुडाला लावला. मग तिला तिच्या लयीत करू दिलं. झाल्यावर पुन्हा वजन, आणि वजाबाकी. मध्येच ‘थांब, हे मोजू दे’ म्हटलं की हात बिचकतो आणि माणूस मोजून घालायला लागतो. आत्याची ‘चिमूटभर’ मिठाची चिमूट तीन बोटांची होती, माझी दोन बोटांची. काट्यावर तिची दुप्पट भरली.

दुपारचा चहा:
वजनं घ्या, पण त्यांनाच कवटाळून बसू नका. विकतच्या लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्के पाणी असतं. घरी काढलेल्या लोण्यात किती पाणी राहील ते धुणाऱ्याच्या हातावर. आजीच्या लोण्याचे 165 ग्रॅम आणि तुमचे 165 ग्रॅम एक नव्हेत. म्हणून मुठीची खूण आकड्याच्या वर लिहा, खाली नको. व्हिडिओ काढणार असाल तर कॅमेरा मावशीच्या हातांवर ठेवा. आमच्याकडे काकूचा तासाभराचा व्हिडिओ आहे, त्यात काकू फार छान हसते आणि परात कुठेच दिसत नाही.

आणि कृपा करून मूळ वहीत पेननं दुरुस्त्या करू नका. पानांचे फोटो काढा, खाडाखोड त्यांच्या प्रतींवर.

पानगळ:
फडताळ, पैज जिंकलात. मावशीला फोन केला. ‘पिठीसाखरच, मग काय दाणेदार घालणार? हे काय लिहायचं असतं का?’ असं ऐकून घेतलं. आजीच्या पिढीला वही फक्त प्रमाण आठवायला लागायची, कृती येतच होती, असंही म्हणाली.

रविवारी तिच्याकडे जातेय. काटा माझाच नेते. तिच्या नकळत डब्यांचं वजन कसं करायचं तेवढं सुचत नाहीये, स्वयंपाकघरातून ती हलत नाही.

फडताळ:
नकळत कशाला? डब्यांचं वजन तिच्यासमोर करा, फक्त ती कामाला लागायच्या आधी. आणि लोण्याच्या भांड्याचं झाकणासकट करत असाल तर नंतरही झाकणासकटच करा.