यूके नर्सिंगसाठी आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) देतेय, रायटिंग ६ वरच अडकलंय, ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) द्यावी का?

मिरजकर_सिस्टर
नमस्कार, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) आहे, आयसीयूत सहा वर्षं झाली. आयेल्ट्स अकॅडमिक दोनदा दिली. पहिल्यांदा रायटिंग ५.५ आलं, आता तीन आठवड्यांपूर्वी रिझल्ट आला त्यात लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग परत ६. एनएमसीला (यूकेत नर्सची नोंदणी करणारी संस्था) रायटिंग ६.५ लागतं आणि बाकी तिन्हीत ७, म्हणजे फक्त अर्ध्या बँडने (गुणाने) राहिलं. रिझल्ट बघून रडूच आलं. क्लासमध्ये निबंधाची सुरुवात आणि शेवट पाठ करून घेतले होते, तेच लिहिलं. आता सगळे म्हणतात ओईटी दे, सोपी आहे. खरंच का? नाईट ड्युटी करून अभ्यास करतेय, परत पैसे घालवायची हिंमत होत नाही.

लातूर_ते_लीड्स
ताई, ओईटी सोपी नाही पण आपल्या ओळखीची आहे. रायटिंगला केस नोट्स देतात, पाच मिनिटं वाचायला आणि ४० मिनिटं लिहायला, साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र, बहुतेक वेळा रेफरल किंवा डिस्चार्जचं. आपण रोज ड्युटी बदलताना हँडओव्हर देतो ना, तेच डोकं चालवायचं, पुढच्या नर्सला काय कळायला हवं तेवढंच घ्यायचं. मी पहिल्या सरावात पेशंटचं लहानपणचं अपेंडिक्सचं ऑपरेशनही लिहिलं होतं, पत्र होतं मधुमेहाच्या जखमेच्या ड्रेसिंगचं! सरांनी तो अख्खा पॅरा खोडला. स्पीकिंगला दोन रोल-प्ले असतात, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो, त्याला साध्या शब्दात समजवायचं. एनएमसीला रायटिंगमध्ये सी प्लस ग्रेड आणि बाकी तिन्हीत बी लागतं.

जुना_आयेल्ट्सवाला
थांबा थांबा, ओईटीचे पैसे भरायच्या आधी हे वाचा. एनएमसी बारा महिन्यांच्या आतले दोन रिझल्ट एकत्र धरते, फक्त दोन्ही वेळा परीक्षा एकच हवी आणि कुठल्याच वेळी रायटिंग ६ च्या खाली आणि बाकीचं काही ६.५ च्या खाली नको. तुमचा दुसरा रिझल्ट यात बसतो. म्हणजे पुढच्या वेळी रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हीत ६.५ आले तरी काम झालं. ओईटीकडे गेलात की हा फायदा जातो, सगळं पहिल्यापासून. मी तुमच्या जागी असतो तर आयेल्ट्सच दिली असती. फेरतपासणीही मागता येते, परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत, बँड वाढला तर फी परत मिळते, पण सगळी आशा त्यावर ठेवू नका.

आणि ते पाठ केलेलं सोडा हो, परीक्षकाला लगेच कळतं आणि मार्क जातात. टास्क २ ला (निबंध) टास्क १ च्या (आलेखाचं वर्णन) दुप्पट वजन आहे, त्याला ४० मिनिटं ठेवायचीच.

इंग्रजी_शिकवते
मराठी मुलांचे निबंध तपासते म्हणून सांगते, निम्मी लाल शाई 'द' आणि 'अ' वर जाते. आपल्या भाषेत हा प्रकारच नाही त्यामुळे 'पेशंट वॉज गिव्हन इंजेक्शन' असं सरळ लिहून मोकळे होतो, तिथे 'द पेशंट वॉज गिव्हन ॲन इंजेक्शन' हवं. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटं प्रत्येक नामावर बोट ठेवून फक्त हेच बघायचं. दुसरं म्हणजे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', आपल्याला ऐकायला बरोबर वाटतं पण तिथे 'हॅव' च. महिनाभर रोज एक निबंध हाताने लिहा आणि कोणाकडून तरी तपासून घ्या, नुसते नमुने वाचून रायटिंग वाढत नाही.

मिरजकर_सिस्टर
दोन रिझल्ट एकत्र धरतात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, क्लासमध्येही नाही!! खूप खूप आभार दादा. मग परत आयेल्ट्सच देते. मॅडम, रविवारी सुट्टी आहे, एक निबंध लिहून इथे टाकला तर बघाल का?

इंग्रजी_शिकवते
टाक गं, घड्याळ लावून लिही आणि खाडाखोड तशीच राहू दे.