जर्मनीतला डिसेंबर आणि लहान मुलं

'मुलं लहान आहेत, नाताळच्या गर्दीत न्यायचं की नाही' असा प्रश्न पडलाय ना? जर्मनीत असाल तर निम्मी मजा घरातच आहे हो! सुरुवात खरं तर ११ नोव्हेंबरच्या सांक्ट मार्टिन या संताच्या सणालाच होते. बालवाडीत केलेले कागदी कंदील घेऊन पोरं अंधारात गाणी म्हणत फिरतात. मग १ डिसेंबरपासून नाताळपर्यंतचे दिवस मोजायचं, २४ खिडक्यांचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर. रोज एकच खिडकी उघडायची, हा नियम आमच्या धाकटीला मुळीच मान्य नाही, म्हणून ते फ्रिजवर चढवून ठेवलंय. ५ तारखेच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी निकोलाउस (मुलांना खाऊ आणणारा संत) त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट टाकून गेलेला असतो. थोरला बाबाचाच बूट ठेवतो, मोठा म्हणून!

नाताळच्या बाजारात जायचंच तर दुपारी जा, संध्याकाळी बाबागाडी जागची हलत नाही. आणि किराणा आधीच भरून ठेवा: २४ला दुकानं दुपारीच बंद होतात, २५ आणि २६ला सुट्टी. भेटवस्तू मात्र २४च्या संध्याकाळीच उघडतात, त्यामुळे २५ला भेटींसाठी पहाटे पाचला कुणी उठवत नाही.